त्रेसष्ट नंबरची गोटी

बातमी आली तेव्हा मी रायपूरच्या पंडरी बाजारात कापडाच्या दुकानात बसली होती. दुकानदार एकावर एक कटपीस टाकून राहिला होता आणि मी म्हणून राहिली होती, "भैया, इससे मोटा दिखाओ, लकड़ी की गोटियाँ रखनी हैं, फटना नहीं चाहिए." तेवढ्यात फोन वाजला. सरिताचा. सरिता साहू म्हणजे आमच्या भाऊजीसोबत जंगलात झाडं मोजणारी बाई, कितीक वर्षांपासूनची. ती एरवी आधी 'भाभी, खाना हो गया?' असं विचारते. त्या दिवशी नुसतं "भाभी..." म्हणाली आणि थांबली. मागून कोणीतरी रडून राहिलं होतं. "भाभी, सर बैठ गए थे... पानी माँगा... फिर उठे नहीं." मी मोठ्यानं म्हटलं, "कुठं बसले? उठव नं त्यायले!" साऱ्या दुकानानं माझ्याकडं पाहिलं. हातात निळ्या जाड कापडाचा तुकडा होता, तो तसाच धरून मी ऑटोत बसली.

मिलिंद भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन गुढियारीच्या रेल्वे क्वार्टरात आली तेव्हा ते कॉलेजात होते. घरात पाय ठेवला तर पाहते काय, दोरीवर कपड्याऐवजी पानं वाळून राहिलेली! सासरे भंडाऱ्याकडून रेल्वेत खलाशी म्हणून आलेले, बाबासाहेबांच्या फोटोखाली दोन्ही पोरांले बसवून शिकवणारा माणूस. मोठा, म्हणजे आमचे हे, रेल्वेतच लागले. धाकट्यानं जंगल धरलं. सासरे शेवटपर्यंत म्हणत, "पोट्टा एवढा शिकला अन् झाडं मोजाले गेला." लग्न केलं नाही भाऊजीनं. काहून नाही केलं ते मी विचारून विचारून थकली, ते नुसते हसत. पुढं आम्ही क्वार्टर सोडून घर बांधलं तेव्हा वरची खोली त्यायचीच झाली, कोणी ठरवावं लागलं नाही. मोहल्ल्यात मात्र त्यायच्याबद्दल वेगळीच हवा होती. भाऊजी गच्चीवरून फोनवर ओरडत, "प्लॉट टाकला का? कुठं टाकला?" लोकांले वाटे हे जमिनीचा धंदा करतात. शेजारचे एक काका तर विचारालेच आले, की नवा रायपूरकडं काही सस्त्यात असलं तर सांगा. भाऊजी म्हणाले, "आहे नं, पण त्यात अस्वल राहते."

हा प्लॉट म्हणजे काय, ते मले समजाले बराच काळ लागला. सारं जंगल मोजता येत नाही. म्हणून त्यातले थोडे तुकडे घ्यायचे, खुंट्या ठोकून दोरीनं चौकोन आखायचा, आणि त्यातल्या एकेका झाडाले छातीच्या उंचीवर टेप लावून घेर मोजायचा, नाव लिहायचं. त्यावरून साऱ्या डोंगराचा अंदाज. मी म्हटलं, "एवढंच नं? शितावरून भाताची परीक्षा. हे तर आम्ही रोज करतो." भाऊजी जेवून राहिले होते, त्यायचा हात थांबला. "वहिनी, साधा भात सारा एका जातीचा असते, म्हणून एक शीत दाबलं की झालं. लग्नातला मसालेभात घ्या. एक शीत दाबून सांगा बरं, काजू किती?" मी म्हटलं, "काजू तर वाढणाऱ्याच्या ओळखीवर असतात." खूप हसले. मग म्हणाले, "तेच तर. सरई, साजा, धावडा हे कुठंही भेटतात. पण कित्येक झाडं अशी आहेत, साऱ्या डोंगरात दोन-चार. आपण सोयीच्या वाटेनं गेलो, सडकेच्या काठानं मोजत बसलो, तर ती भेटतच नाहीत. अन् कागदावर आलं नाही ते झाड नाहीच, असं धरून लोक कुऱ्हाड लावतात." बोलता बोलता त्यायचा चेहरा उतरला. तो भात मग त्यायनं तसाच ठेवला.

म्हणून तुकडा कुठं घ्यायचा हे मोजणाऱ्यानं ठरवायचंच नाही, असा त्यायचा नियम. सरकारी नोकरीत काय करत मले माहीत नाही, पण रिटायर झाल्यावर जी कामं घेतली त्यात हाच नियम. नकाशावर डोंगराचे नव्वद चौकोन करत आणि कोणते मोजायचे त्याचे आकडे काढत. नव्वद काहून, तर आमच्या विहारातल्या महिला मंडळाचा हाऊजीचा खेळ माझ्याकडं ठेवायले असते, आणि त्यात नव्वद लाकडी गोट्या. डबा कधीचाच फुटला, मीच एक पिशवी शिवली होती. नव्या डोंगराचं काम आलं की रविवारी सकाळी चहा झाल्यावर भाऊजी ती पिशवी घेऊन स्वयंपाकघरात येत. "चला वहिनी, हात धुवा." मी ओट्याशी उभी, तोंड खिडकीकडं, हात पिशवीत. ते माझ्याकडं पाठ करून. एकेक गोटी काढायची, आकडा मोठ्यानं सांगायचा आणि गोटी खिडकीच्या कठड्यावर ठेवायची. ज्या चौकोनाचं मोजणं झालं त्याची गोटी पिशवीत परत जाई. तोवर ती कठड्यावरच. फोडणीचे शिंतोडे उडून त्या साऱ्या पिवळ्या पडल्या. मंडळात हाऊजी खेळताना बाया चिडत, "आज बारा नंबर कसा निघतच नाही?" मी म्हणे, "तो जंगलात गेला आहे."

एकदा मी म्हटलं, "कॉम्प्युटर आहे नं, त्याले सांगा आकडे काढाले." म्हणाले, "सांगता येते. पण त्याचं बटण दहादा दाबता येते, मनासारखा आकडा येतपर्यंत. कोणाले समजते? तुमच्यासमोर मले लबाडी जमत नाही." "मग तुमचाच हात घाला." "माझ्या हाताले माहीत आहे, कोण्या चौकोनात चढ आहे अन् कुठं सावली चांगली. तो बरोबर सोयीची गोटी धरते. तुमच्या हाताले काही माहीत नाही, वहिनी. म्हणून तोच हात पाहिजे." मी म्हटलं, वा रे वा, म्हणजे अडाणीपणाचं बक्षीस! पण खरं सांगते, मले लई बरं वाटे. जन्मभर पोळ्या लाटलेल्या हाताचं जंगलात काही काम आहे, हे ऐकाले कोणाले आवडणार नाही?

भाऊजी माझ्यावर एकदाच ओरडले. एका डोंगराचे आकडे काढताना एक गोटी निघाली आणि त्यायनं मान वळवून नकाशा पाहिला. "अरे... हा तर नुसता खडक आहे." मी आपली गोटी परत पिशवीत टाकाले गेली, म्हटलं दुसरी काढते. "वहिनी!" असे ओरडले की ओट्यावरचं दूध उतू जाऊन राहिलं होतं तेही आम्हा दोघांले दिसलं नाही. "निघाली ते निघाली. आवडली नाही म्हणून परत टाकाल तर मग हे सारं कशाले?" मी दोन दिवस बोलली नाही. त्यायनं जाऊन तो खडकच मोजला. दिवसभर उन्हात चौकोन आखला आणि लिहिलं, झाडं शून्य. घरी आले ते खुशीत. माझ्यासाठी तेंदूची फळं घेऊन आले आणि म्हणाले, "शून्यही मोजावं लागते, वहिनी. काही भेटलं नाही, हेही भेटलंच." मी म्हटलं, "तुमचं डोकं फिरलं आहे, भाऊजी." फळं मात्र खाल्ली.

शेवटचा डोंगर गरियाबंदच्या पलीकडचा. तिथून एक रस्ता काढायचा आहे आणि त्याच्या आधी जंगल कसं आहे ते कागदावर पाहिजे, म्हणून नवा रायपुरातल्या एका कंपनीनं भाऊजीले बोलावलं. शुगर होती, गुडघे बोलत होते. मी म्हटलं, "बस झालं आता. घरी बसा, टीव्ही पाहा, माझ्याशी भांडा." म्हणाले, "हे शेवटचं." त्या रविवारी सर्वात शेवटी जी गोटी माझ्या हातात आली ती मी हाऊजीच्या तालात सांगितली, "सहा नि तीन, त्रेसष्ट!" भाऊजी नकाशावर वाकले. त्या चौकोनावर दोनदा बोट फिरवलं. "काय झालं?" "काही नाही. चढ आहे जरासा. नाल्याच्या वर." "मग राहू द्या नं." "पोचता आलं तर मोजायचं. पोचताच आलं नाही तर दुसरी गोटी काढायची. नियम आहे तसा." मी गोळ्यांचा डबा बॅगेत घातला. दारातून वळून म्हणाले, "पिशवीले खालून भोक पडून राहिलं आहे, वहिनी. एखादी गोटी सांडली तर साऱ्या जंगलाचा घोळ होईन. नवी शिवून ठेवा." हे त्यायचं माझ्याशी शेवटचं बोलणं. म्हणून मी पंडरीत गेली होती.

बाकीचे चौकोन नीट झाले. त्रेसष्टवर ते पोचले, खुंट्या ठोकून झाल्या, दोरी बांधून झाली, आणि भाऊजी एका झाडाले टेकून बसले. खाली गाडीपर्यंत चार माणसांनी आळीपाळीनं उचलून आणलं. मी नंतर डॉक्टरले विचारलं, घरी असते तर वाचले असते का? डॉक्टर भला माणूस, खोटं बोलला नाही. म्हणाला, "कुछ कह नहीं सकते." ते 'कुछ कह नहीं सकते' तेव्हापासून माझ्या कानात बसलं आहे.

भंतेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, पुण्यानुमोदन झालं. फोटोसमोर मेणबत्त्या. आणि मग लोकांचं समजावणं सुरू. "किती छान मरण आलं, जंगलात, आपल्या आवडत्या जागी!" एवढा राग आला मले! आवडती जागा? अरे बाप्पा, त्या माणसाची आवडती जागा आमच्या जिन्याखालची प्लास्टिकची खुर्ची होती. तिथं बसून गरम भजी खायची, अन् तिखट कमी आहे म्हणायचं. उघड्या रानात, तहानलेलं मरण कोणाले आवडते? तुम्हाले आवडन का? दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, "नशिबात लिहिलं होतं, दुसरं काय." मी उठून स्वयंपाकघरात गेली. कठड्यावर ती एकच गोटी होती, बाकी साऱ्या पिशवीत परत गेलेल्या. लिहिलं नव्हतं वो बाई. मी काढलं होतं... याच हातानं, गाणं म्हटल्यासारखं ओरडून.

हे मी कोणाले सांगितलं नाही. ह्यांलेही नाही. सांगितलं असतं तर 'काही तरीच काय' म्हणाले असते, आणि मले 'काही तरीच' नको होतं. रात्रंदिवस एकच विचार. माझं बोट जरासं डावीकडं गेलं असतं तर? बासष्ट निघाला असता, चौदा निघाला असता, सपाटीवरचा कोणताही. वरण ढवळताना मी माझ्या हाताकडं पाहत बसे, तो दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा.

असे काही आठवडे गेल्यावर सरिता आली. चहा घेतला, फोटोले हात जोडले, मग बोलाले लागली. कंपनीवाले म्हणतात, तो चौकोन सोडा. खाली सडकेजवळचा घ्या, काय फरक पडते? सडकेजवळचा तर ती घेणार नव्हती, एवढं भाऊजीनं शिकवलं होतं. म्हणून ती माझ्याकडं आली. "भाभी, एक नंबर फिर से निकाल दीजिए. वहाँ जाने का किसी का मन नहीं है. मेरा भी नहीं." आमचे हे खुर्चीत बसून होते. भावाच्या जाण्यानं अर्धे झालेले. म्हणाले, "दे काढून. संपू दे एकदाचं."

मी हात धुतले. खिडकीकडं तोंड केलं. हात पिशवीत घातला, गोट्या बोटांले लागल्या, आणि एकदम मनात आलं... ही एक गोटी निघाली की त्रेसष्ट रद्द. तो चौकोन कागदावर कुठंच राहणार नाही. तो कधी निघालाच नव्हता. माझ्या हातानं काही केलंच नव्हतं. इतकं हलकं वाटलं मले, इतकं, की माझीच मले भीती वाटली.

मी तशीच उभी राहून विचारलं, "सरिता, तुम्ही तिथपर्यंत पोचले होते नं?"

"पहुँचे थे, भाभी."

"खुंट्या ठोकल्या होत्या?"

"चारों. रस्सी भी बँध गई थी."

"मग पोचता येत नाही, असं कसं म्हणायचं?"

ती रडाले लागली. रडतच म्हणाली, भाऊजी म्हणत तेच, आपल्या हिंदीत, "निकला तो निकला." मी रिकामा हात बाहेर काढला. आमचे हे उठले आणि वर भाऊजीच्या खोलीत जाऊन बसले.

सरिता माणसं घेऊन त्रेसष्टवर गेली त्या दिवशी माझा जीव टांगणीले लागला होता. आणखी कोणाले काही झालं तर? एक माणूस जास्त न्या, पाणी न्या, गाडी जिथपर्यंत जाते तिथपर्यंत न्या, असं सरिताले दहादा बजावलं होतं. तरी सकाळपासून फोन पदराखाली घेऊन बसली. जेवण गेलं नाही. आणि खरं लिहायचं तर मनात एक आस होती. तिथं काहीतरी भेटन. साऱ्या डोंगरात नसलेलं एखादं झाड तिथं उभं असन, त्याच्यामुळं तो रस्ता वळन, आणि मग म्हणता येईन की भाऊजी उगाच नाही गेले. माणसाचं मन असं लाचार असते.

दिवस कलल्यावर फोन आला. "हो गया, भाभी. सब ठीक हैं." मी श्वास सोडला. मग विचारलं, "काय भेटलं?"

"वही सब. सरई, साजा, धावड़ा. एक तेंदू."

"अन् वेगळं काही? एखादं?"

"नहीं भाभी. कुछ नहीं मिला."

मग तिनंच हळूच सांगितलं, सर ज्याले टेकून बसले होते ते साज्याचं झाड नेमकं दोरीवर येत होतं. आता दोरीवरच्या झाडाचाही नियम आहे, तो मले माहीत होता, जेवताना कितीदा ऐकलेला. उत्तरेच्या अन् पूर्वेच्या दोरीवरचं झाड आत धरायचं, दक्षिणेच्या अन् पश्चिमेच्या दोरीवरचं बाहेर. हे आधीच ठरवायचं, झाड पाहून नाही. नाहीतर माणूस मोठं झाड दिसलं की आत ओढते. मी विचारलं, "मग ते कोण्या दोरीवर होतं?"

"दक्षिण की, भाभी... बाहर है."

"म्हणजे ते मोजलंच नाही?"

"नहीं."

फोन फेकून द्यावा असं वाटलं. ज्या झाडाले टेकून माणूस गेला, ते झाडच मोजलं नाही! कसला हा नियम, आग लागो त्याले! मी सरिताले नको नको ते बोलली. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "सर होते तो..." आणि तिथंच थांबली. मी म्हटलं, "हव. ते असते तर त्यायनंही नसतं मोजलं." मग आम्ही दोघीही फोनवर कितीतरी वेळ नुसत्या रडलो. रस्त्याचं काय होणार ते अजून कोणाले माहीत नाही. अहवाल गेला आहे. त्रेसष्ट नंबरसमोर जे होतं तेच लिहिलं आहे.

पंडरीचा निळा तुकडा तोवर कपाटात तसाच होता. दुसऱ्या दिवशी मशीनवर बसली आणि पिशवी शिवली, खालून दुहेरी शिवण घातली. जुनीतल्या साऱ्या गोट्या नवीत ओतल्या. कठड्यावरची त्रेसष्ट उचलली. इतके दिवस पुसली नव्हती, तेलानं चिकट झाली होती. मोजणं झालं की गोटी पिशवीत परत, हा नियम. मी खिडकीकडं तोंड करून ती आत सोडली आणि पिशवी जोरात हलवली. आता ती कुठं आहे, मले सांगता येत नाही. कठडा रिकामा आहे. सकाळचं ऊन तिथं येते ते कितीतरी दिवसांनी पूर्ण दिसून राहिलं.

सरिताले आता दुसऱ्या एका डोंगराचं काम आलं आहे. सरांच्याच पद्धतीनं करणार म्हणते. परवा फोन केला, "रविवार को आऊँ, भाभी? आपका हाथ चाहिए." मी म्हटलं, ये, चहा घे, पिशवी घेऊन जा. हात मात्र दुसऱ्या कोणाचा पाहा.

भाऊजी, तुम्ही म्हणत होते, वहिनी, तुमच्या हाताले काही माहीत नाही, म्हणून तोच हात पाहिजे. खरं होतं ते. त्या रविवारीही त्याले काहीच माहीत नव्हतं, हे मी रोज ओट्याशी उभी राहून स्वतःले सांगते, आणि कधी कधी पटतेही. पण आता त्याले माहीत झालं आहे, भाऊजी... हा हात आता तुमच्या कामाचा नाही राहिला.